देणे आणि दान

(शास्त्रभाग : अनुवाद २४:१०-२२, नहेम्या ५:१-१३, मत्तय २०:१-१६, याकोब ५:१-४)



काही महिन्यांपूर्वी हैदराबाद येथील आमच्या मराठी मंडळीत उपासनेनंतर तरुण संघाने एक चर्चा ठेवली होती. फळ्यावर विषय लिहिला होता : मजुरीचा कमीतकमी दर ठरविणे हे सरकारचे काम आहे काय? प्रथम बँकेत नोकरी करणारा आमचा एक तरुण बोलला. त्याचे म्हणणे असे की, मजुरी ही मागणी व पुरवठा यांवर ठरते. सरकारने वरून दर लादला तर चार माणसे ठेवणारा छोटा कारखानदार दोनच ठेवील, आणि ज्यांच्या भल्यासाठी कायदा केला त्यांतलीच दोन माणसे घरी बसतील. दुसऱ्या बाजूने, रेल्वेच्या लालागुडा कारखान्यातून निवृत्त झालेले एक वडील बंधू उभे राहिले. ते म्हणाले, "बाळ, सौदा दोघांच्या मर्जीचा असावा लागतो. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याची मर्जी कसली?" दोघांनीही पवित्र शास्त्र उघडले. तरुणाने द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला दिला, की स्वतःच्या पैशाचे काय करावे हे धन्यानेच ठरवायचे. वडिलांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचून दाखविला. टाळ्या दोघांनाही मिळाल्या.

अशा चर्चा बहुधा जेथे सुरू होतात तेथेच संपतात. ही मात्र तशी संपली नाही. शेवटच्या बाकावर बसलेल्या, शब्बाथशाळेत बालवर्ग घेणाऱ्या आमच्या एक आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मला सरकारचे काही कळत नाही. पण माझ्याकडे भांडी घासायला जी बाई येते तिला मी देते ते पुरे की कमी, एवढे कोणी मला हिशेब करून सांगेल काय?"

सभागृहात कोणी बोलेना. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, चहा झाला, आणि लोक आपापल्या घरी गेले.

आमच्या घरचा हिशेब

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही व आमच्या घरच्यांनी कागद घेतला. आमच्याकडे येणारी बाई महबूबनगर जिल्ह्यातील. त्या भागाला जुने लोक पालमूर म्हणतात, आणि पालमूरचे मजूर धरणे व कालवे खोदण्यासाठी देशभर जात आले आहेत. ही बाई पाच घरची कामे करते. आमच्याकडे भांडी, केर आणि फरशी मिळून तिचे रोज दोन तास जातात. महिन्याचे तीस दिवस धरले तर साठ तास झाले. आठ तासांचा एक दिवस, म्हणजे साडेसात दिवसांचे काम. सरकारने अकुशल मजुरासाठी जो दिवसाचा दर ठरविला आहे त्याला साडेसातने गुणले, आणि आम्ही देत असलेली रक्कम शेजारी लिहिली. आमची रक्कम निम्म्याहून थोडीशीच अधिक भरली.

आम्ही पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

मग आमच्या घरच्यांना नाताळच्या साडीची आठवण झाली. गेली सात वर्षे दर नाताळाला आम्ही तिला साडी देतो, मुलांसाठी केक देतो. तिचा मुलगा आजारी पडला तेव्हा औषधाला पैसे दिले आणि ते परत मागितले नाहीत. आपण हे सारे ख्रिस्ताच्या नावाने करतो, असे आम्हांला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर त्याचे थोडे समाधानही होते. आता कागदावर दिसत होते की जी साडी आम्ही दान म्हणून दिली ती तिच्याच पैशांची होती. तिचे देणे आम्ही बारा महिने थकविले आणि त्यातले थोडे नाताळात दान म्हणून परत केले. बंधुभगिनींनो, आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे : देणे निराळे आणि दान निराळे. देणे बुडवून केलेले दान देवाला मान्य नाही.

नियमशास्त्राचा क्रम

अनुवादाचा चोविसावा अध्याय सावकाश वाचून पाहा. तेथे प्रथम गरिबाच्या गहाणाविषयी सांगितले आहे, की त्याचे पांघरूण रात्री आपल्याजवळ ठेवू नये. त्यानंतर मजुरीविषयी आज्ञा आहे. मजूर आपला भाऊबंद असो की आपल्या गावी राहणारा परका असो, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी; कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. आणि त्यानंतर शेतात विसरलेल्या पेंढीविषयी, झाडावर राहिलेल्या जैतुनांविषयी, वेलीवर राहिलेल्या द्राक्षांविषयी सांगितले आहे, की ती परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी.

हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पेंढी मागे सोडण्याची गोष्ट मजुरीच्या नंतर येते. ज्या शेतकऱ्याने कापणी करणाऱ्यांची मजुरी दाबून ठेवली आणि मग शेताच्या कडेला दोन पेंढ्या सोडल्या, तो धर्मशील ठरत नाही. आणखी एक गोष्ट पाहा. परमेश्वराने मजुरीचा प्रश्न धन्याच्या दयाळूपणावर सोडलेला नाही. मन मोठे असेल तर द्या, असे तो म्हणत नाही. तो आज्ञा करतो, वेळ ठरवून देतो, आणि न दिल्यास मजूर आपल्याकडे गाऱ्हाणे करील व तुमच्या माथी पाप बसेल, अशी ताकीद देतो. याकोबाने हीच गोष्ट पुढे नेली आहे. तो तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. मजूर कदाचित गप्प राहील, कारण उद्या पुन्हा त्याच दारी कामाला यावयाचे असते. पण मजुरी गप्प राहत नाही.

सरकारचे काम कोणते?

आता त्या चर्चेतील प्रश्नाकडे येऊ. या बाबतीत राज्यकर्त्याला देवाने काही काम नेमून दिले आहे काय?

नहेम्या हा यहूदाचा सुभेदार होता. त्याच्यापुढे लोक रडत आले की, आमची शेते गहाण पडली, मुलेबाळे दास झाली, आणि हे करणारे आमचेच भाऊ आहेत. नहेम्याने धान्य वाटून त्यांना परत पाठविले नाही. त्याने सरदारांस व अधिकाऱ्यांस सभेत बोलावले, शेते, द्राक्षमळे व घेतलेले व्याज परत करावयास सांगितले, आणि याजकांसमक्ष त्यांच्याकडून शपथ घेतली. स्वतः सुभेदाराचा भत्ता मात्र त्याने बारा वर्षे घेतला नाही. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात याच्या उलट चित्र आहे. यहोयाकीम राजाने गंधसरूच्या तक्तपोशीचा वाडा बांधला आणि बांधणाऱ्यांना मजुरी दिली नाही. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीया राजाची आठवण देतो. योशीया गरिबांचा न्याय करीत असे, आणि देवाला ओळखणे म्हणजे हेच, असे परमेश्वराने त्याच्याविषयी म्हटले.

तेव्हा देणेकऱ्याकडून देणे वसूल करून देणे, आणि जो स्वतः भांडू शकत नाही त्याच्या बाजूने न्यायासनावर बसणे, हे राज्यकर्त्याचे काम आहे. सरकारने प्रत्येकाच्या ताटात भाकर वाढावी असे शास्त्र सांगत नाही. पण भाकर कमावलेल्याच्या हातातून ती कोणी काढून घेऊ नये हे पाहण्यासाठी त्याच्या हाती अधिकार दिला आहे.

हे काम सरकार नेहमी नीट करते असे मात्र नाही. आमच्या मंडळीतील काही कुटुंबांचे वाडवडील १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास नगर व सोलापूर या भागांत ख्रिस्ती झाले. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ साली दुष्काळी कामावरील मजुरी कमी करून पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य व एक आणा एवढ्यावर आणली. हे गृहस्थ पूर्वी, १८६७ साली, येथे हैदराबादेत रेसिडेंट होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला एक रत्तल धान्य! मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरील मजुरांनी याविरुद्ध संप केला व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. दर ठरविणारा सरकारी अधिकारी होता, ख्रिस्ती देशातून आलेला होता, आणि तरीही दर अन्यायाचा होता. सरकारने ठरविले म्हणून ते न्याय्य झाले, असे आम्ही म्हणत नाही. न्याय काय, हे सरकारालाही देवाच्या वचनापासून शिकावे लागते.

आपल्या देशात किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली आले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, कायदा झाला. किमान म्हणजे किती, याचा विचार १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत झाला. एका कमावणाऱ्यामागे तीन माणसांचे खाणे धरावे, माणशी २७०० उष्मांक मिळावेत, चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड मिळावे, शिवाय घरभाडे, जळण व दिवाबत्ती यांचा खर्च धरावा, असे ठरले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठी किमान वेतनाचा आणखी चौथा हिस्सा धरला पाहिजे. किमान वेतन म्हणजे चैन नव्हे, हे यावरून कळेल. वर्षाला ७२ वार कापड म्हणजे माणशी १८ वार. आपल्या कपाटात किती वार आहे ते ज्याने त्याने पाहावे.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदाने व पूल बांधले जात होते. तेथील मजुरांना कायद्याने दिवसाला ९ रुपये २५ पैसे मिळावयाचे होते, पण मधले जमादार त्यातून एक रुपया दलाली कापून घेत आणि हाती ८ रुपये २५ पैसे देत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठच होय. कारण भूक व दारिद्र्य यांची सक्ती ही देखील सक्तीच आहे. लालागुड्याचे आमचे वडील बंधू त्या चर्चेत जे म्हणाले तेच हे.

हैदराबादकरांना वेठ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. निजामाच्या राज्यात तेलंगणाच्या खेड्यांत वेट्टी होती, कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे भगेले होते. १९७६ साली वेठबिगारी देशभर कायद्याने बंद झाली. पण आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कायदा यावयास बराच काळ गेला. १९४८ चा कायदा अनुसूचीत नावे असलेल्या धंद्यांनाच लागू होता, आणि घरकाम त्यात नव्हते. तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने २००७ साली घरकामाचा त्यात समावेश केला. अमेरिकेतही हेच झाले. तेथे १९३८ साली किमान मजुरीचा कायदा झाला, पण घरकाम करणाऱ्यांना तो १९७४ साली लागू झाला. आता आपल्याकडे जुन्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी निराळ्या कायद्याचा विचार करावयासही केंद्र सरकारला सांगितले. घरकाम करणारीचा नंबर नेहमी शेवटी लागतो, कारण तिचा धनी कोणी मोठा कारखानदार नसतो. तिचे धनी आपण असतो, आणि आपण स्वतःला धनी समजत नाही.

काही प्रामाणिक शंका

बँकेतील आमच्या तरुणाची शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. मजुरी वाढली तर काम जाईल काय? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२ साली किमान मजुरी ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केली, तेव्हा डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून पाहिली. खाद्यगृहांतील नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरी सर्वच विद्वानांचे यावर एकमत नाही. दर एकदम फार वाढविला तर लहान धंद्याला तो पेलणार नाही, हेही खरे. दर किती असावा हे जाणत्यांनी अभ्यासाने ठरवावे. पण काम जाईल या भीतीच्या आडोशाने, ज्यांना देणे परवडते त्यांनी कमी देऊ नये. आमच्या घरी तरी मजुरी वाढविल्याने कोणाची चूल विझणार नव्हती. आमचे महिन्याचे एकदोन वेळचे बाहेरचे जेवण कमी होणार होते.

ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांचे काय? तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या विधवा भगिनी आमच्या मंडळीतही आहेत. त्या आजीबाई त्यांतल्याच. आम्ही त्यांच्या घरी जाऊन हिशेब करून दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "एवढे मी कोठून देऊ?" मग त्यांनीच मार्ग काढला. त्यांनी केर व फरशी स्वतःकडे घेतली, बाईला फक्त भांडी ठेवली, आणि त्या एका तासाचा पुरा दर द्यावयास सुरुवात केली. दोन तास घेऊन एका तासाचे देण्यापेक्षा एक तास घेऊन एका तासाचे द्यावे. बाईने तो मोकळा तास शेजारच्या घरी दिला. हे प्रत्येक ठिकाणी असेच जमेल असे नाही. ज्याने त्याने आपल्या बाईशी बोलून, तिचे नुकसान होणार नाही अशा रीतीने ठरवावे.

कोणी म्हणतील, हे राजकारण आहे, मंडळीने सुवार्ता सांगावी. बंधूंनो, जक्कयाच्या घरी तारण आले तेव्हा त्याने काय केले? अर्धे धन गरिबांना देण्याविषयी तो बोललाच. पण ज्याचे अन्यायाने घेतले होते त्याला चौपट परत करण्याचेही त्याने कबूल केले. ते दान व ते देणे ही त्याने वेगवेगळी सांगितली. सुवार्ता त्याच्या पैशाच्या पेटीपर्यंत गेली होती. आपल्या पेटीपर्यंत ती न जाईल तर ती आपण ऐकली असे म्हणता येईल काय?

द्राक्षमळ्याचा धनी

त्या तरुणाने दिलेला दाखला आता पुन्हा पाहू. कुकटपल्लीच्या किंवा बोराबंड्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा. डबा हातात घेऊन शेकडो स्त्रीपुरुष उभे असतात. मोटार थांबली की तिच्याभोवती गर्दी होते. नऊनंतर भाव उतरतो, आणि अकरा वाजता जो उभा असतो तो मिळेल त्या पैशांत जातो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला बाजार असाच होता.

प्रभूने हा दाखला मजुरीचा नियम घालून देण्यासाठी सांगितला नाही, देवाची कृपा समजावी म्हणून सांगितला, हे आम्ही जाणतो. तरीही त्यात धन्याने काय केले ते पाहा. पहाटे आलेल्यांशी त्याने दिवसाचा एक दीनार ठरविला. तो एका मजुराच्या दिवसाचा योग्य दर होता, आणि तो त्याने पुरा दिला. हे देणे झाले. शेवटी आलेल्यांना त्याने एका तासाच्या कामासाठी तेवढेच दिले, कारण त्यांच्याही घरी दिवसाची भूक होती. हे दान झाले. स्वतःच्या पैशाचे आपल्या मर्जीप्रमाणे करण्याचा हक्क त्या धन्याने सांगितला खरा. पण तो अधिक देण्यासाठी सांगितला, कमी देण्यासाठी नव्हे! पहिल्यांचे कापून त्याने शेवटच्यांना दिले नाही.

१ मे २०२० या दिवशी, टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांसाठीची देशातली पहिली गाडी आपल्या लिंगमपल्ली स्थानकावरून झारखंडातील हटियाला निघाली. सुमारे १२०० मजूर तिच्यात होते. त्या दिवसांत आमच्या मंडळीनेही तांदूळ, डाळ व तेल यांच्या पिशव्या भरून बांधकामावरील लोकांना वाटल्या. ते चांगले काम होते; देवाने त्यावर आशीर्वाद दिला. पण एका मजुराने पिशवी घेताना आमच्याजवळ जे सांगितले ते आम्ही विसरलो नाही. तो म्हणाला, दीड महिन्याची मजुरी ठेकेदाराकडे अडकली आहे. ती मिळाली असती तर मी रांगेत उभा राहिलो नसतो. त्याला दानाची गरज पडली, कारण त्याचे देणे कोणी तरी बुडविले होते. आपल्या शहरातले किती दारिद्र्य असे आहे, याचा विचार व्हावा.

आता काय करावे?

पहिली गोष्ट घराची. या आठवड्यात कागद घेऊन बसा. कामाचे रोजचे तास महिन्याच्या दिवसांनी गुणा, आठने भागा, आणि आपल्या राज्यात चालू असलेल्या अकुशल मजुरीच्या दराने गुणा. कमी भरत असेल तर पुढच्या महिन्यापासून पुरे द्या. त्याचा बोभाटा करू नका, आणि उपकार केल्यासारखे बोलू नका. आम्ही आमच्या बाईला वाढ सांगितली तेव्हा ती घाबरली. तिने विचारले, "अम्मा, काम वाढविणार का?" इतक्या वर्षांत तिला कोणी काम न वाढविता पैसे वाढविले नव्हते.

दुसरी गोष्ट विसाव्याची. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे झटले. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० पासून ती सुटी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. आणि आपण, जे प्रभूचा दिवस पाळतो, आपली रविवारची भांडी कोण घासते? दासदासींनाही आपल्यासारखाच विसावा मिळावा, असे चौथ्या आज्ञेत स्पष्ट आहे. आठवड्याची एक सुटी द्या, आणि तिचे पैसे कापू नका.

तिसरी गोष्ट मंडळीची. मंदिर झाडणारा, घंटा वाजविणारा, बाके पुसणारा आमचा शिपाई रविवारी सर्वांत जास्त राबतो. त्याला आपण जे देतो त्याला मानधन म्हणतो. मान कितपत देतो हे देव जाणे. धन किती आहे ते पंचकमिटीने पुढच्या सभेत हिशेब करून पाहावे. आमच्या कमिटीने पाहिले, आणि यंदा हंगामाच्या सणाच्या अर्पणातून नवा पंखा घेण्याचे पुढे ढकलले. उपासनेत थोडे उकडते. पण संदेश ऐकताना मन स्वस्थ असते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मत्तयाचा विसावा अध्याय शिकविताना मुलांना विचारा : तुमच्या घरी कोण कामाला येते? तिचे नाव काय? तिला मुले आहेत काय? पुष्कळ मुलांना नाव सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी ते विचारून या, असे सांगा. मजुरीचा हिशेब मुलांच्या हाती नाही, पण नाव घेऊन बोलणे त्यांना आजच करता येईल. मोठ्या वर्गांत अनुवादाचा चोविसावा अध्याय घ्या आणि त्यांनाच विचारा, यात देणे कोणते व दान कोणते.

सरकारने आपले काम करावे म्हणून आपण प्रार्थना करू, मत देऊ, आणि गरज पडेल तेथे बोलूही. पण सरकारचा निरीक्षक आपल्या स्वयंपाकघरात येणार नाही. तेथे येतो तो प्रभु. तो स्वतः सुताराच्या घरी वाढला, त्याच्या हातांना हत्यारांचे घट्टे होते, आणि मजुरीसाठी वाट पाहणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. त्याने आपले पापाचे देणे स्वतः फेडले आणि तारण आपल्याला फुकट दिले. ज्याचे एवढे मोठे देणे फिटले आहे, त्याने दुसऱ्याचे लहानसे देणे ठेवून कसे चालेल?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांच्या श्रमावर आमचे घर चालते त्यांची नावे आम्हांला शिकीव. आम्ही ज्याला दान म्हटले त्यात त्यांचे देणे किती होते हे आम्हांला दाखीव, आणि ते फेडण्याची बुद्धी व धैर्य दे. आमच्या राज्यकर्त्यांना गरिबांचा न्याय करण्याची इच्छा दे. अड्ड्यावर उभे असलेल्यांना आज काम मिळो, आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्यांची मजुरी त्यांच्या हाती पडो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.